गुरांसाचा मध

ह्यांची सगळी नोकरी बाजव्याजवळच्या रिफायनरीत गेली, तीही सुरक्षा विभागात. वारा त्या बाजूनं आला की बडोद्यात आम्हाला नुसता वास यायचा. ह्यांना तो कशाचा आहे ते कळायचं. घरातही तीच शिस्त. चिठ्ठी नसलेली बाटली उघडायची नाही. फिनेल आणि तेल एका फळीवर ठेवायचं नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढणाऱ्याला थांबवून हे त्यात काय आहे ते विचारायचे, "आमां शुं छे?" लोक हसायचे. मी मात्र काहीही पुढे केलं की न विचारता खायचे. एकतीस वर्षांच्या संसारात हे माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. आता रोज येतं.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाला फुलझाडांची कुळं शिकवताना ऱ्होडोडेंड्रॉनचं कूळ येतं. बडोद्यात हे झाड जगत नाही. त्याला थंडी लागते, धुकं लागतं आणि आंबट माती लागते. त्याची मुळं केसाइतकी बारीक, आणि त्यांच्यात राहणारी एक बुरशी त्याला मातीतून अन्न मिळवून देते. आमच्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात ती मुळंही टिकत नाहीत आणि बुरशीही. म्हणून मी हे कूळ एका वाळवलेल्या फांदीवर शिकवायचे. कागदाला चिकटवलेली चार तपकिरी पानं आणि एकेकाळी लाल असलेलं, आता चहाच्या चोथ्यासारखं झालेलं फूल. जिवंत झाड मी कधी पाहिलंच नव्हतं. शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं: ह्याच्या पानांत आणि फुलांतल्या रसात विष असतं, आणि काही जातींच्या फुलांवरचा मध खाल्ला तर नाडी मंदावते, चक्कर येते, माणूस आडवा होतो. पेंगणारा वर्ग तेवढ्यापुरता जागा व्हायचा.

"मॅडम, मरी जवाय?"

"सहसा नाही. पण परीक्षेत हमखास येतं."

वर्ग हसायचा. दरवर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच हसणं.

एका लग्नाच्या वाढदिवसाला ह्यांनी अलकापुरीतल्या फुलांच्या दुकानातून अझेलियाची कुंडी आणली. "तुझ्या झाडाची धाकटी बहीण आहे म्हणाला दुकानदार." दुकानदार बरोबर बोलला होता. अझेलियाला पूर्वी वेगळं मानत, नंतर तिला ऱ्होडोडेंड्रॉनांतच घेतलं. पुंकेसर मोजले की बहुतेकदा दोघींतला फरक कळतो. हिला पाच, तिला दहा किंवा जास्त. गुलाबी फुलं होळीपर्यंत टिकली. मग पानं पिवळी पडली, नुसत्या शिरा हिरव्या राहिल्या. मी ह्यांना सांगितलं की मातीत लोह आहे, पण पाण्यातल्या चुन्यामुळे झाडाला ते घेता येत नाही.

"म्हणजे ताट वाढलेलं आहे आणि तोंड उघडत नाही," हे म्हणाले.

एप्रिलात काड्या उरल्या. कुंडी रिकामी करताना म्हणाले, "हिला परत इथे आणायचं नाही. तुलाच तिकडे नेतो."

आणि निवृत्त झाल्यावरच्या पहिल्याच मे महिन्यात त्यांनी नेलं. सिक्कीमच्या पश्चिमेला, जंगलाच्या तोंडाशी असलेलं एक लहान गाव त्यांनी स्वतः शोधून काढलं. पंच्याऐंशीच्या सासूबाई आमच्याकडेच असतात; त्यांना दहा दिवस मकरपुऱ्याला दिरांकडे सोडलं. दिरांचं तिथे लहानसं वर्कशॉप आहे. मुलगी अहमदाबादला औषधांच्या कंपनीत. ती निघायच्या आदल्या दिवशी येऊन वडिलांच्या गोळ्या डबीत भरून गेली. ह्यांना रक्तदाब होता. त्यासाठी नाडी संथ ठेवणारी एक गोळी रोज सकाळी घ्यावी लागायची. डॉक्टर म्हणाले, खुशाल जा, फक्त चढ हळू चढा.

गावात एक चाळिशीची बाई आपल्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची. सगळे तिला दिदी म्हणायचे, आम्हीही म्हणू लागलो. पहिल्या सकाळी तीच आम्हाला जंगलात घेऊन गेली. गावाचे शेवटचे कोबीचे वाफे मागे पडले आणि एका वळणावर वाट लाल झाली. वरच्या उंच झाडांचा बहर सरत आला होता, आणि गळलेली फुलं अख्खीच्या अख्खी, तोंडं वर करून वाटेवर पडली होती. मी पाय कुठे ठेवू ते न कळून उभीच राहिले.

"ये लाली गुरांस," दिदी म्हणाली. ऱ्होडोडेंड्रॉनचं हे तिथलं नाव. "आगे सफेदवाला भी है, उसको चिमल बोलते हैं."

पुढे धुक्यात ते पांढरे आणि फिकट जांभळे गुच्छ दिसू लागले. कुठे हातभर लांबीची पानं, मागून गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची, मखमलीसारखी. मी पान उलटून ह्यांच्या गालाला लावलं. बारीक केसांचा थर, त्यानं पानातलं पाणी राखलं जातं. मग एका फुलातला पुंकेसर बोटानं हलवला. ह्याच्या परागकोशाला फट पडत नाही, टोकाला दोन बारीक भोकं असतात. त्यांतून पराग सुटे न पडता चिकट धाग्यांत ओवल्यासारखे बाहेर येतात आणि माशीच्या अंगाला लोंबत जातात. तो धागा माझ्या बोटावर ताणून निघाला. पंचवीस वर्षं मी फळ्यावर काढलेला तो धागा होता. मी ह्यांना दाखवत होते, बोलत होते, थांबतच नव्हते. दक्षिणेत निलगिरीच्या माथ्यावरही ह्याचा एक भाऊबंद आहे, मध्ये हजारो मैलांत कुठे नाही. असं मानतात की फार पूर्वीच्या थंड काळात ही झाडं खालीही उतरली होती. मग ऊन वाढलं तशी वर वर सरकत डोंगरमाथ्यावर अडकली.

"अगं, आता शिकवू नकोस," हे म्हणाले. "बघ."

मी गप्प झाले आणि बघितलं. तो एक तास मला कुणी परत दिला तर बाकीचं आयुष्य मी देऊन टाकेन.

परतताना दिदी तिच्या शेळ्यांबद्दल बोलत होती. हिवाळ्यात बर्फानं चारा झाकला की उपाशी शेळ्या चिमलची पानं ओरबाडतात. मागच्या वर्षी तिच्या दोन गेल्या. तोंडाला फेस, पाय लुळे. "पत्ता देख के पता चलता है ठंड कितना है," ती म्हणाली. कडाक्याच्या थंडीत ही पानं खाली लोंबतात आणि विडीसारखी गुंडाळतात. मी ह्यांना मराठीत समजावलं की पानांत जे विष आहे तेच फुलांच्या रसातही उतरतं. मज्जातंतूंना एक दार असतं, ते उघडून लगेच मिटायला हवं; ह्या विषानं ते उघडंच राहतं. हे मी ह्यांना सांगितलं. माझ्या तोंडानं, त्या वाटेवर, दोन दिवस आधी.

तिसऱ्या दिवशी ह्यांना खोकला धरला. दुपारी जंगलातून उतरताना रस्त्याच्या वळणावर एक म्हातारी बसलेली असायची. पत्र्याचं छप्पर, फळकुटावर सुकवलेली मिरची, चीज आणि दारूच्या जुन्या बाटल्यांत भरलेला लालसर मध. तिला सगळे बोजू म्हणायचे, म्हणजे आजी. तिला हिंदी फार येत नव्हती. तिनं कड्याकडे बोट दाखवलं. तिथल्या मोठ्या माश्यांची पोळी तिचा भाचा दोराला लटकून काढायचा. हे चार पावलं पुढे जाऊन फोटो काढत होते.

"किसको?" बोजूनं विचारलं.

मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं, खोकल्याची खूण केली.

"कडा छ. कड़क," ती म्हणाली. "एक चम्मच. छोटा. बस." तिनं करंगळीच्या पहिल्या पेरावर अंगठा टेकवून दाखवला. मी बाटली घेतली तेव्हा माझं मनगट धरून पुन्हा तेच पेर दाखवलं.

मी मान हलवली. कडक म्हणजे उष्ण, असं मी समजले. आमच्याकडेही बायका सांगतातच, मध उष्ण असतो, बेतानं द्या. विसरले होते असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी काहीच विसरले नव्हते. फांदीवरचं झाड मला ठाऊक होतं, शेळ्यांचं नुकतंच ऐकलं होतं, म्हातारीचं पेर डोळ्यांसमोर होतं. तरी हातातली बाटली मला खोकल्याचं औषधच वाटली.

दुसऱ्या सकाळी मी दिदीच्या चुलीवर पाणी गरम केलं, आलं ठेचून घातलं आणि तीन चमचे मध ढवळला. ह्यांनी नाश्ता केला नव्हता. गोळी घेतली आणि वर तो पेला प्यायले.

"कडवट आहे गं. घशात जळतंय."

"आलं आहे त्यात."

त्यांनी पेला रिकामा केला.

अर्ध्या तासानं म्हणाले की ओठांना मुंग्या येताहेत. मी म्हटलं, थंडी आहे. मग तोंडाला पाणी सुटू लागलं, कपाळावर घाम आला. त्या थंडीत घाम. मी मनगट धरलं. एक ठोका लागला आणि मी पुढच्याची वाट पाहत राहिले. तो येईना. आला तेव्हा मला वाटलं माझंच बोट हललं. हे म्हणाले, "मला उलटी होणार आहे," आणि घर खराब होऊ नये म्हणून उठून दाराकडे गेले. मी मागे धावले. दाराबाहेर तीन दगडी पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवरच त्यांचे गुडघे गेले. खाली कपडे धुवायचा दगड होता, त्याच्या कडेवर डोकं आपटलं. त्याचा आवाज मी इथे लिहीत नाही.

दिदी गोठ्यातून धावत आली. तिनं त्यांना कुशीवर केलं, माझ्याकडे पाहिलं, मग आत जाऊन पेला घेऊन आली आणि नाकाला लावला.

"मह? शहद? कितना दिया?"

"तीन चम्मच."

ती पदरानं हात पुसत शेजारच्या जीपवाल्याला हाका मारत सुटली.

आरोग्य केंद्र दीड तासावर होतं. ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर, कानाच्या वर टेंगूळ, रक्त अगदी थोडं. तिथल्या तरुण डॉक्टरनं नाडी बघितली आणि मला पहिलाच प्रश्न विचारला, "शहद?" मी हो म्हटलं. मोसमात चार-दोन येतातच, तो म्हणाला. त्यानं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर ह्यांच्या चेहऱ्याला रंग आला. तासाभरात नाडी साठावर गेली. ह्यांनी डोळे उघडले.

"ओठ अजून बधिर आहेत," हे म्हणाले. "लिहून ठेव. तुझ्या पोरांना सांगायला होईल."

मी रडायला लागले. त्यांनी सलाईन नसलेला हात उचलून माझ्या हातावर ठेवला. "अगं, वायूनं गुदमरलेली माणसं बाहेर काढलीत मी. हे काय!" मग विचारलं, "मध होता का तो? त्या फुलांचा?"

"हो."

"बरं," एवढंच म्हणाले.

दुपारी त्यांना पुन्हा उलटी झाली. डोकं दुखतंय म्हणाले. डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे होता, नर्सनं मला विचारलं. मी म्हटलं, मधाचीच उलटी असेल, अजून उतरलं नसेल. मला एवढी माहिती आहे म्हटल्यावर तीही गेली. त्यांना झोप येत होती. मी पांघरूण नीट केलं आणि झोपू दिलं. चारच्या सुमाराला हाक मारली तर त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण शब्द जीभ जड झाल्यासारखे आले आणि उजवा हात उचलला गेला नाही. डॉक्टर धावत आला, डोळ्यांत बॅटरी मारली. एक बाहुली मोठी झाली होती. डोक्यात रक्त साचत होतं, सकाळपासून.

ॲम्ब्युलन्सनं खालच्या मैदानी शहरात न्यायला सहा तास लागले. डोकं उघडलं, रक्त काढलं. हे पुन्हा शुद्धीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले.

मुलगी आणि दीर आधीच विमानानं येऊन पोचले होते. बाहेरच्या बाकावर मुलगी आरोग्य केंद्राचा कागद वाचत बसली होती. त्यावर पहिल्या ओळीतच मध लिहिलेला होता.

"आई, कुणी दिला?"

"मी."

"तुला माहीत होतं ना गं? तू शिकवतेस हे."

"हो."

तिनं कागदाची घडी घातली. "बाबांची गोळीही नाडी खाली आणते. दोन्ही एकाच बाजूला ओढत होते." तिनं हे मला टोचायला म्हटलं नाही, ती बोलते तशीच बोलली. त्यानंतर सगळे विधी उरकेपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

अंत्यविधी तिथेच उरकल्यावर दिरांनी कागद वाचला आणि त्यांना दुसरंच दिसलं. "वहिनी, हा मध विकला कुणी तुम्हाला? उघड्यावर विष विकतात?" मी म्हटलं, एक म्हातारी आहे. ती काय म्हणाली होती ते मी सांगितलं नाही. भावाच्या चितेची राख अजून गरम होती आणि दिरांना कुणावर तरी ओरडायचं होतं. मला वाटलं, माझ्यावर नको. खरं तेच लिहिते. मला असंच वाटलं.

बडोद्याला आल्यावर सासूबाईंनी माझे दोन्ही हात धरून विचारलं, "काय झालं गं त्याला?"

"चक्कर आली. पायरीवरून पडले."

त्यांनी तेवढ्यावर समाधान मानलं. भेटायला येणाऱ्यांना दीर मधाची गोष्ट सांगायचे, आणि त्यांच्या गोष्टीत म्हातारी दरवेळी अधिक लबाड व्हायची. रिफायनरीतले लोक आले, सोसायटीतले आले, "बहु खोटुं थयुं", फार वाईट झालं, म्हणून गेले. सगळे विधी झाल्यावर दिरांनी तिथल्या पोलिसांना लेखी तक्रार पाठवली. कागद माझ्यासमोर ठेवला. मी वाचला आणि सही केली.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. ते कूळ आलं त्या आठवड्यात मी रजा टाकली, दुसऱ्या बाईंनी शिकवलं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी दिदीचा फोन आला. आधी तिनं सासूबाईंची, मुलीची चौकशी केली. मग म्हणाली, "दीदी, पुलिस आया था. बोजू का सब बोतल ले गया. दुकान भी हटा दिया." बोजूला चौकीवर दोनदा बोलावलं होतं. चालवत नव्हतं, भाच्यानं पाठीवर नेलं. "बोजू रोती है. बोलती है, मैंने उँगली दिखाया था, हाथ पकड़ के दिखाया था. आप बताओ दीदी, दिखाया था कि नहीं?"

"दिखाया था," मी म्हटलं.

मग ती म्हणाली, "तो आपने लिखा क्यों नहीं?"

त्याच रविवारी दीर घरी आले तेव्हा मी चहा ठेवला आणि सासूबाईंच्या खाटेजवळ बसून सांगितलं. सगळं. म्हातारीचं पेर, तीन चमचे, जंगलातल्या वाटेवर मी स्वतः दिलेलं व्याख्यान, दुपारची उलटी, नर्सला मी दिलेलं उत्तर. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

दिरांनी कप खाली ठेवला. "तीन महिने तुम्ही मला लोकांसमोर खोटं बोलू दिलंत?"

"हो."

"दादा विचारल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचा नाही, वहिनी. तुमच्या हातून म्हणून प्यायला तो." ते उठले आणि चपला घालू लागले.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एरवी इतका मोठा येत नाही. मला विचारलं, "त्या बाईनं सांगितलं होतं तुला?"

"हो, आई. दोनदा."

"मग तिचं नाव आधी मोकळं करा. दोघं मिळून. माझ्या मुलाच्या नावावर एका म्हातारीचे हाल नकोत."

दिरांनी चपला काढल्या नाहीत. मी तक्रार मागे घेतल्याचा कागद लिहिला, दारात उभ्याउभ्याच त्यांनी त्यावर सही केली. मी खाली हिंदीत लिहिलं की विकणाऱ्या बाईनं मला प्रमाण सांगितलं होतं, ते मी पाळलं नाही, चूक माझी आहे. टपाल केलं आणि एक प्रत दिदीला पाठवली. दीर त्यानंतर आईला भेटायला येतात ते मी कॉलेजात असते त्या वेळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे सासूबाईंच्या गोळ्या वाटीत काढून नेल्या. त्यांनी वाटी घेतली, बोटानं गोळ्या इकडेतिकडे केल्या आणि बाजूला ठेवल्या.

"राहू दे. नात आली की घेईन."

नात शनिवारी यायची होती. तो सोमवार होता. मी मुलीला फोन लावून त्यांच्या हातात दिला. मुलीनं पलीकडून एकेका गोळीचा रंग आणि आकार विचारला, सासूबाईंनी डोळे बारीक करून सांगितला, आणि मगच गिळल्या. तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला अहमदाबादहून फोन येतो. मी वाटी ठेवते आणि स्वयंपाकघरात जाते. मुलगी आजीशी बोलून झालं की म्हणते, "आईकडे दे." आधी ती नुसतं "घेतल्या आजीनं" म्हणायची. आता कधी कधी विचारते, तू जेवलीस का. ह्यापुढे आम्ही दोघी अजून गेलेलो नाही.

दिवाळीनंतर दिदीचा फोन आला. माझं पत्र चौकीत पोचलं होतं, बोजूला आता कुणी बोलावत नव्हतं. दुकान परत मांडायला हरकत नाही असं त्यांनी सांगितलं होतं.

"फिर लगाया उसने?"

"नहीं दीदी." बोजू आता वरच्या गावात आपल्या मुलीकडे राहायला गेली होती. दिदीनं माझ्या पत्राची प्रत तिला वाचून दाखवली, नेपाळीत समजावून. तेव्हा कळलं की ज्याला तो मध दिला तो माणूस मेला हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चौकीवरही नुसतं, एक पाहुणा आजारी पडला, एवढंच सांगितलं होतं.

"क्या बोली?"

"बोली, मैंने देखा था आदमी बूढ़ा है. देना ही नहीं था."

मी म्हटलं, "उसको बोलो, ऐसा नहीं है. उसकी कोई गलती नहीं."

"बोला मैंने," दिदी म्हणाली. "बहुत बार बोला. वो नहीं मानती."